भावोजींचं मूळ कारण

फ्रान्सच्या राजाची मान उडाली तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. तशी ती उडून पुष्कळ वर्षं झाली होती म्हणे, पण ठाण्याला आमच्या घरी ती दर आठ-पंधरा दिवसांनी उडायची. आमचे धाकटे भावोजी शाळेतून आले की पगडीसुद्धा न उतरवता माजघराच्या खांबाला टेकून उभे राहायचे आणि खड्या आवाजात सुरू करायचे, "आई, त्या दिवशी पॅरिसात काय झालं, तुला कल्पना आहे?"

सासूबाई म्हणायच्या, "नाही, आणि नकोय. पाय धू आधी."

भावोजींचं नाव विष्णुपंत. शाळेत इतिहास शिकवायचे. बाकीचे मास्तर शाळा सुटली की शाळा विसरतात. ह्यांची खरी शाळा घरी आल्यावर भरायची. त्यांचा एक ठरलेला मंत्र होता, "थांबा. हे झालं तात्कालिक कारण. मूळ कारण निराळंच आहे!" हे ऐकलं की घरातला प्रत्येक जण काहीतरी काम काढून उठायचा. मी कुठे उठणार? मी चुलीपाशी.

एकदा मांजराने शिंक्यातलं दूध सांडलं. मी काठी शोधायला धावले तर भावोजी आडवे. "वहिनी, मांजर हे तात्कालिक कारण. दोरी का तुटली? जुनी होती म्हणून. जुनी का राहिली? दादाने नवी आणली नाही म्हणून. दादाने का आणली नाही?" असं करत करत ते काथ्याच्या व्यापारापर्यंत पोचले, आणि तेवढ्यात मांजर परत येऊन सांडलेलं दूध चाटून गेलं. मी कपाळावर हात मारला. भावोजी म्हणाले, "हा परिणाम!"

सासूबाईंची पाठ दुखायची. त्याचंही कारण भावोजींनी अमेरिकेत शोधून काढलं होतं, आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. तिकडे गुलामांवरून आपापसांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला, इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आमच्या मामंजींनी उत्साहाच्या भरात घरातल्या सगळ्या गाद्या उसवून कापूस विकला. लढाई संपली, भाव उतरला, मामंजीही गेले; गाद्या काही पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. तेव्हापासून सगळं घर चटईवर. सासूबाई कण्हल्या की भावोजी म्हणायचे, "आई, तुझ्या पाठीचं मूळ अमेरिकेत आहे." सासूबाई म्हणायच्या, "आणि तुझ्या डोक्याचं रे?"

कोलशेतच्या मिठागरावरून हिरू नावाचा म्हातारा आगरी डोक्यावर मीठ घेऊन यायचा. त्याची तर भावोजी वाटच बघत असायचे. "हिरू, फ्रान्सात मिठावर असा कर होता, असा कर होता, की लोक पेटले आणि राजाच्याच जिवावर उठले!" हिरू पाटी उतरवून शांतपणे म्हणायचा, "मास्तर, राजा मेला त मेला. मीठ देऊ का नको, यवरा सांगा." आमचे हे कलेक्टर कचेरीत कारकून. मिठाचा कर आणि मेलेला राजा एका वाक्यात ऐकले की ह्यांना घाम फुटायचा. उठून आधी रस्त्याकडचं दार लावून यायचे.

आता तुम्ही म्हणाल, घरात हे सगळं कोण ऐकत होतं? सासूबाई कानांवर पदर घ्यायच्या, हे पोथीत डोकं खुपसायचे, माझं निम्मं लक्ष भाकरीकडे. मलाही वाटायचं, माणूस भिंतीशी बोलतोय, भ्रम झालाय बिचाऱ्याला.

माझी धाकटी जाऊ जानकी म्हणजे भावोजींची बायको. गरीब गाय. लग्न होऊन आली तेव्हापासून मोठ्यांसमोर तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलणं म्हणजे तर काय, शिव शिव! तेव्हा कुठल्याच घरात नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत. आमच्यात तर एकमेकांकडे बघतही नसत. त्यांना माडीवर निजायला खोली होती, पण मध्ये कुडाची भिंत, आणि भिंतीपलीकडे सासूबाई. पलीकडे बांगडी वाजली तरी अलीकडे खोकला यायचा. असा खणखणीत खोकला मी वैद्याच्या ओसरीवरही ऐकला नाही.

तर झालं असं, की एकदा जानकीला कावळा शिवला. ती नेहमीप्रमाणे मागल्या पडवीत बाजूला बसली. संध्याकाळी भावोजी आले, आणि माजघराच्या खांबाकडे ढुंकूनही न बघता तडक मागल्या दारी गेले. विहिरीतून एक कळशी पाणी काढलं, ते केळीला घातलं, आणि केळीकडे तोंड करून खड्या आवाजात सुरुवात केली, "तर काय, पॅरिसात भाकरी महाग झाली!"

मी दारातून बघत होते. पडवीत जानकी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती आणि तिच्या सगळ्या अंगाचा कान झाला होता. बाई गं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस ना आईशी बोलत होता, ना हिरूशी, ना केळीशी. चुलीपाशी माझ्या शेजारी खाली मान घालून जी भाजी चिरत असायची, तिच्याशी तो रोज बोलत होता. आणि तिच्याशी बोलायला त्याच्यापाशी होतं काय, तर हे एवढंच, फ्रान्स आणि अमेरिका. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी मेली पुन्हा चुलीपाशी जाऊन भाकरीवर भाकरी थापत राहिले.

पुढल्या वर्षी भावोजींनी घरात सुरुंग लावला. पुरुषांची पंगत बसली होती, आम्ही दोघी वाढत होतो, सासूबाई पाटावर जपमाळ घेऊन. भावोजी म्हणाले, "आई, मी कल्याणच्या शाळेत बदली मागून घेतली आहे. तिथे बिऱ्हाड करणार."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "एकटा जा. दर रविवारी आगगाडीने घरी ये. धाकटी इथे राहील."

तेव्हा सगळे असंच करायचे. नोकरीवर पुरुष एकटा जायचा आणि सून सासूपाशी राहायची. भावोजी म्हणाले, "नाही. ती येणार."

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. सासूबाईंची माळ थांबली. "का?"

जगातल्या समस्त उलथापालथींची कारणं मुखोद्गत असलेला माणूस, पण त्या 'का?'पुढे त्याची गाळण उडाली. म्हणाले, "जेवणाचे हाल होतील." सासूबाई म्हणाल्या, "कल्याणला खानावळी नाहीत का?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिथली हवा चांगली, जानकीला मानवेल. "खाडी तीच, वारा तोच. हवा कुठून निराळी आणतोस?" तिसऱ्या दिवशी कल्याण हे कसं प्राचीन बंदर, देशोदेशीची गलबतं कशी तिथे लागत, हे सुरू झालं. सासूबाईंनी अर्ध्यात तोडलं, "गलबतं लागू देत. सुनेचं तिथे काय काम?"

पण भावोजी हटले नाहीत. रोज जेवताना नवं कारण, रोज सासूबाई ते उडवून लावायच्या. आमचे हे म्हणायला लागले, "विष्णू, पुरे. लोक काय म्हणतील?" जानकीचा तर जीव कासावीस. पोळ्या करपायला लागल्या, आमटीत दोनदा मीठ पडलं. मी हळूच विचारलं, "जायचंय गं तुला?" तिने नुसती होकाराची मान हलवली, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा पिठाला लागली. मला इतका राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. सगळ्या घराचाच आला.

शेवटी सासूबाईंनीच तो विषय धसाला लावला. "हे बघ, विष्णू, तुझी सगळी तात्कालिक कारणं ऐकून झाली. आता मूळ कारण सांग, नाहीतर हा विषय बंद."

भावोजींचे कान लाल झाले. पानातला भात चिवडत राहिले. मग मान वर केली. आवाज नेहमीचा खडा नव्हता, पण फुटला नाही. "आई, मला तिच्याशी बोलायचंय."

आमच्या ह्यांना ठसका लागला. जानकी ताक वाढत होती, ती तशीच आत पळाली.

सासूबाई म्हणाल्या, "बोलायचंय? जन्मभर दुसरं काय केलंस?"

"मी बोललो. ती काय म्हणते ते मला ठाऊक नाही. ती घरात आली त्याला इतकी वर्षं झाली, आई, आणि तिला राजा मारला ते पटलं की नाही, एवढंसुद्धा मला माहीत नाही. मला तिला घेऊन जायचंच आहे. तू नाही म्हणालीस तरी उद्या पुन्हा विचारीन."

सासूबाईंनी माळ डब्यात ठेवली आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन म्हणाल्या, "नेतोस तर ने. पण पितळेचं मोठं पातेलं न्यायचं नाही. ते माझं आहे."

चारसहा महिन्यांनी लोणचं आणि मेतकूट घेऊन मी ह्यांच्याबरोबर कल्याणला गेले. हे स्टेशनवर कोणीतरी ओळखीचे भेटले म्हणून थांबले, मी पुढे झाले. बिऱ्हाडाचं दार उघडंच होतं. आता क्रांती कानी पडणार म्हणून मनाची तयारी केली, तर आतून बाईचा आवाज. एकसारखा, न थांबता.

भावोजी जमिनीवर मांडी घालून वाल सोलत बसले होते. भिजवलेल्या वालांची परात पुढ्यात, बोटं पांढरी पडलेली. आणि आमची गरीब गाय चुलीपाशी बसून हातातलं उलथनं हलवत त्यांना फैलावर घेत होती. "इकडून इतक्या वेळा सांगणं झालं, की पॅरिसातल्या बायका भाकरीसाठी उठल्या आणि पावसातून राजवाड्यावर चालत गेल्या. मी तेव्हाच विचारणार होते. त्या दिवशी त्यांच्या घरी पोरांना जेवू कोणी घातलं?"

भावोजींचा वाल हातातच राहिला. "हे... पुस्तकात नाही."

"मग ते पुस्तक अर्धंच आहे. आणि राजाचं काय ते नंतर सांगते, माझं त्याविषयीही बोलणं राहिलंय."

ते खाली मान घालून पुढचा वाल सोलायला लागले. इतकं सुखाने हरलेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही. मला हेवा वाटला. का लपवू? सपाटून हेवा वाटला.

घरी आले तर सासूबाई वाती वळत होत्या. "काय गं, तिथे तरी तोंड मिटतो का तो?"

"हो. जानकी बोलते आणि भावोजी ऐकतात."

"ऐकतो?"

"वाल सोलत सोलत ऐकतात."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण त्या नुसत्या वाती वळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या मामंजींचा आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. माझा आवाज त्यांना ठाऊक होता की नाही, देव जाणे."

मी उठायला लागले. चुलीवर काहीच नव्हतं, पण सवय. सासूबाईंनी माझा पदर धरला.

"बस गं जरा," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोल काहीतरी."