खोदादाद शेठचं जाकीट

तुषार सावेला आपली सफर फसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याला तशी स्वप्नंच पडत नसत. 'डहाणूत येऊन वसलेली घराणी' असा मजकूर त्याने पत्रकावर छापला, खाली 'इराणी कुटुंबाशी त्यांच्याच वाडीत प्रत्यक्ष गप्पा' हेही छापलं आणि पहिल्याच रविवारी मुंबईची चौदा माणसं मिनीबसमध्ये बसवून तो निघाला. त्यांत निलम मॅडम होत्या. त्यांच्या कंपनीला सफर आवडली, तर हिवाळाभर दर रविवारी बस भरणार होती.

खोदादाद शेठच्या चिकूच्या वाडीत बस शिरली. फाटकाशी जिवली उभी होती. चाळीस वर्षं शेठचं घर आणि वाडी तीच सांभाळत होती.

"शेठ नाय घरी," ती म्हणाली. "सकाळी पावाचा कडक तुकडा चावला, नि कवळीच मोडली. दुरुस्त करायला तलासरीला गेलेत."

तुषारने लगेच फोन लावला.

"शेठ, पाहुणे आलेत! आता घराण्याचा इतिहास कोण सांगणार?"

"फिंता नको, डिकरा," पलीकडून हवेचा झोत आल्यासारखा आवाज आला. "तिला फगळं माहीत हाय."

तुषारने ऐकलं, 'तुला सगळं माहीत आहे.' त्याची छाती फुगली. शेठचा आपल्यावर एवढा विश्वास! एवढ्यात निलम मॅडम बसमधून उतरल्या.

"कुटुंबातलं कोणी भेटणार ना? पत्रकात तसं लिहिलंय."

"भेटणार म्हणजे काय, वाटच बघतायत," तुषार म्हणाला आणि पाहुण्यांना चिकू चाखायला झाडांखाली पाठवून तो ड्रायव्हर नविनकडे वळला. नविन उंबरगावचा होता. उंच, गोरा, नाक धारदार.

"नविन, अर्धा तास इराणी हो."

"वेड लागलंय? मला चिकू खायचा माहीत. बाकी काय नाय माहीत."

"बोलेन मी. तू फक्त खुर्चीत बस आणि मान हलव."

खुंटीवरचं शेठचं जाकीट नविनच्या अंगावर चढलं, डोक्यावर शेठची टोपी बसली. जिवली दारातून बघत होती.

"शेठचं जाकीट हाय ते," ती म्हणाली.

"पाच मिनिटं फक्त, जिवलीबाई."

"मी काय बोलतेय? शेठचं हाय, एवढंच सांगते."

पाहुणे ओसरीवर जमले. तुषारने ओळख करून दिली, नविनने मान हलवली. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग एका निवृत्त मास्तरांनी तुषारला ओलांडून थेट नविनलाच विचारलं,

"तुमचे आजोबा इराणहून इथे आले कसे?"

रस्त्याबद्दल विचारलं की नविनला गप्प बसणं जमत नसे.

"हायवेने," तो म्हणाला. "तलासरीला आत वळले की सरळ डहाणू."

"म्हणजे तेव्हाची बैलगाडीची वाट," तुषारने घाईघाईने सावरलं. "तिलाच हे लोक प्रेमाने हायवे म्हणतात."

"किती काळ लागला त्यांना?"

"रेल्वेचं फाटक बंद मिळालं तर सांगता येत नाय," नविन म्हणाला.

मास्तरांनी चष्मा पुसला. निलम मॅडमनी भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "आणि हे कोण?"

नविनने तसबीर नीट न्याहाळली. "हे... आधीचे मालक असतील."

"असतील काय!" जिवलीच्याने आता राहवेना. "अर्देशीर शेठ ते! खोदादाद शेठचे आजे!"

"स्वतःचे आजोबा ओळखता येत नाहीत यांना?" मास्तर म्हणाले.

तुषार उत्तर जुळवत होता, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. बोळक्या तोंडाला रुमाल लावून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आत आले. आपल्या खुर्चीत, आपल्या जाकिटात, आपली टोपी घालून बसलेला इसम पाहून ते जागीच थांबले.

"माफं फाकीट!" ते ओरडले.

नविन ताडकन उठला. "शेठ, गाडी मागे घेऊ का? रिक्षाला जागा नाय."

तुषारने घाईघाईने नविनच्या डोक्यावरची टोपी काढली.

"मिस्टर सावे," निलम मॅडम म्हणाल्या, "यांच्यापैकी इराणी कोण आहे, ते एकदा नक्की सांगाल का?"

"हे," तुषार शेठकडे बोट दाखवून पुटपुटला. "चूक माझी. पण शेठ, तुम्हीच म्हणालात ना, तुला सगळं माहीत आहे?"

"तुला नाय, तिला!" शेठनी जिवलीकडे हात केला. "तिला फगळं माहीत!"

चौदा माणसं जिवलीकडे वळली. तिने पदर खोचला आणि पायरीवर बसली.

"अर्देशीर शेठला पाव भाजता यायचा," तिने सुरुवात केली. "झाडांतलं काय कळत नव्हतं. स्टेशनावरून चिकूची कलमं माझ्या आजीने डोक्यावरून आणली. शेठनी ती दोन-दोन हातांवर लावली, भाजीसारखी. आजी म्हणाली, झाडं गुदमरतील. शेठ ऐकेनात. मग एका दुपारी ते झोपले, तेव्हा आजीने अर्धी उपटली नि लांब नेऊन लावली."

"मग?" मास्तर पुढे सरकले.

"मग शेठ तीन दिवस ओरडत होते. पण इराणी बोलीत. आजीला एक अक्षर कळलं नाय, म्हणून ती रागावली पण नाय."

ओसरी हसण्याने दणाणली. खोदादाद शेठ मात्र चकित होऊन ऐकत होते.

"आजोबा तर फांगायचे, पावलं मोफून झाडं त्यांनीच लावली."

"पावलं मोजली, शेठ. पण आजीची."

शेठनी तसबिरीकडे पाहिलं आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

"आणि तुमचं घराणं?" निलम मॅडमनी विचारलं. "ते कुठून आलं?"

जिवलीला प्रश्नच कळेना. "कुठून येणार? आम्ही होतोच. हे आले तेव्हा पाणी कोणी दिलं असेल?"

मॅडमनी वही मिटली. "मिस्टर सावे, हिवाळाभराची सफर पक्की. पण ह्या सांगणार असतील तरच."

"रविवारी मला जमत नाय," जिवली म्हणाली. "गंजाडला भावाकडे जायचं असतं."

"मग बस आधी गंजाडलाच जाईल!" तुषारला वाचा फुटली. "सफर तिथूनच सुरू करू. माझ्या मनात तेच होतं."

पुढच्या रविवारी गंजाडला निघायला बस वाडीच्या फाटकाशी उभी राहिली. आपल्याच घराण्याचं उरलेलं ऐकायला मिळावं म्हणून खोदादाद शेठही आले होते आणि ऐटीत पुढच्या सीटवर बसले होते. जिवली नवं लुगडं नेसून चढली, तुषारच्या हातातून माईक घेतला आणि शेठसमोर उभी राहिली.

"शेठ, मागे बसा. ही जागा सांगणाऱ्याची."

शेठ मुकाट्याने उठले. शेवटच्या सीटवर तुषारने सरकून त्यांना जागा करून दिली.