कपाटातली मुलाखत

न्हावी नको तितके केस कापतो, मागे आरसा धरतो आणि विचारतो, "कसं वाटतंय?" मी म्हणतो, "छान!" (आणि घरी येऊन टोपी शोधतो.) अशा माणसाने लोकांचा संकोच घालवायला पॉडकास्ट काढावा, यावर तुम्ही हसाल. हसा. मला सवय आहे.

कल्पना आमच्या विमा कचेरीतल्या कॅशिअरची. तो म्हणाला, "तुझ्यासारख्या बुजऱ्यानेच काढायला हवा. लोकांना आपलासा वाटेल." हे कौतुक होतं की टोमणा, ते विचारायचा मला संकोच वाटला. म्हणून मी माइक घेतला. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'बोलून टाका!'

आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसा, हाही सल्ला त्याचाच. पहिली पाहुणी बायको. (आमच्या कपाटात यायला दुसरं कोण तयार होणार?) लटकत्या कोटांखाली आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो.

"तुला कुठे बोलायचा संकोच वाटतो?" मी भारदस्त आवाजात विचारलं.

तिने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरं सांगू? जेवायच्या टेबलावर. तुम्ही आणि तुमच्या बहिणी एकाहून एक हजरजबाबी. मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग ते वाक्य घेऊन मी भांडी घासायला जाते आणि नळाला सांगते."

एरवी मी इथे कोटी केली असती. (बाहेर शेळी असलो तरी घरात माझी जीभ भलतीच सुटते.) पण डांबराच्या गोळ्यांच्या वासाने शिंक येत होती. ती माइकमध्ये जाऊ नये म्हणून नाक दाबून, डोळ्यांतून पाणी गाळत मी गप्प बसलो. ती बोलत राहिली. इतक्या वर्षांची सगळी न बोललेली वाक्यं तिने एकेक करून काढली. ऐकता ऐकता मला खरोखरच भरून आलं.

बाहेर येऊन बघतो तर माइकचं बटण दाबलेलंच नव्हतं!

त्या दिवसापासून ती बदलली. जेवताना बोलू लागली. एकदा तर तिने माझ्या थोरल्या बहिणीला असा टोला हाणला की बहिणीला ठसकाच लागला. कचेरीला निघालो की मला दारापर्यंत सोडायला येई. ही बिचारी मुलाखतीची वाट बघतेय, हिला सांगू कसं?

कॅशिअरला सल्ला विचारला, तर तो म्हणाला, "तुझ्या कार्यक्रमाचं नाव काय रे?"

रविवारी चहा पिताना बोलून टाकलं. "अगं, ते रेकॉर्डिंग झालंच नाही. मी बटण दाबायला विसरलो."

"विसरलात?" तिने कप खाली ठेवला. "लाल दिवा लागला नव्हता, ते मला दिसत होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बंद ठेवलाय. नुसतं माझं ऐकायला. दिवा लागला असता तर मी तोंड उघडलं असतं होय?"

मी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते?"

आता तरी गप्प बसावं की नाही? पण एकदा बोलून टाकायचं ठरलं म्हणजे ठरलं. मी म्हणालो, "शिंक."

ती कप उचलून आत गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू होता.

अख्ख्या संसारात माझ्या हातून एक शहाणपणाची गोष्ट घडली होती, तीही चुकून, आणि ती मी स्वतःच्या तोंडाने घालवली. याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. शेवटी मला खरंच भरून आलं होतं, एवढं तरी सांगावं म्हणून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. पण मी वाक्य जुळवेपर्यंत ती भांडी पुसून निघून गेली होती.

मग एकटाच कपाटात बसलो, दिवा लागल्याची दोनदा खात्री केली आणि ते वाक्य रेकॉर्ड केलं. पहिला भाग म्हणून तेच प्रसिद्ध केलं. तो भाग आजवर एकाच माणसाने ऐकलाय. ती बायको असेल का? विचारायचा संकोच वाटत होता.

काल कॅशिअर म्हणाला, "ऐकला रे तुझा भाग. मधली शिंक एकदम स्वच्छ आलीय."