पिवळ्या कोपऱ्यांचा अर्ज

भूमिका म्हात्रेने नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र सात वेळा लिहिलं आणि सहा वेळा फाडलं. पहिली सहा यज्ञेश सरांच्या नमुन्यावरची होती. पेणच्या कॉलेजात प्लेसमेंट बघणारे यज्ञेश सर मुलांना एकच नमुना द्यायचे: ‘मी अत्यंत उत्साही, मेहनती आणि संघभावनेने काम करणारी व्यक्ती आहे.’ वर्गातले बेचाळीस जण एकाच वेळी अत्यंत उत्साही झाले होते. त्यात रोज मागच्या बाकावर झोपणारा प्रविणसुद्धा होता.

सातव्या वेळी तिने तो नमुना बाजूला सारला आणि सरळ लिहिलं: ‘माझे वडील मिठागरात काम करतात. मीठ कधी धरणार हे ते पाणी जिभेला लावून सांगतात. मी हायड्रोमीटरने पाण्याची घनता मोजून सांगते. कधीकधी त्यांचंच बरोबर येतं. ते का, हे मला शिकायचं आहे.’ पुढे तीन ओळींत शिक्षण आणि प्रयोगशाळेतला अनुभव. खाली सही. संपलं पत्र.

रोह्याच्या एमआयडीसीतल्या मेघवर्ण डाय-केम या कंपनीत वर्षभराच्या प्रशिक्षणाची एक जागा होती. एकच. अर्ज मेलवर नको, बंद पाकिटात गेटवर द्या, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं. सर म्हणाले होते, “पाकीटसुद्धा तुमच्याबद्दल बोललं पाहिजे!” म्हणून भूमिकाने आपल्या गावातल्या, कासूच्या दुकानातून जाड, साईच्या रंगाचं, सोनेरी काठाचं पाकीट आणलं. मागे नाव, कॉलेज आणि फोन नंबर सुवाच्य अक्षरात लिहिला.

सकाळी ती आंघोळीला गेली तेवढ्यात तिच्या आईने, इंदुबाईने, पाकीट देवापुढे ठेवलं आणि चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. घरातून कोणताही महत्त्वाचा कागद कोरा जायचा नाही, हा इंदुबाईचा नियम. दहावीचा फॉर्म असाच गेला होता. गॅसच्या जोडणीचा अर्जसुद्धा असाच गेला होता.

“आये, काय केलंस हे!” भूमिका ओरडली.

“काय वाईट केलं गो? कोरा कागद बरा दिसतो काय?”

गाडीची वेळ झाली होती. गाडीत बसून भूमिकाने रुमालाने कोपरे पुसले. हळद पुसून जाते असं ज्याला वाटतं त्याने एकदा पुसून बघावी. कोपऱ्यावर होती ती आता काठाने पसरली. कंपनीच्या गेटवरच्या रखवालदाराने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि तोंडभर हसला. इथली माणसं किती चांगली आहेत, असं तिला वाटलं. बिचारी!

चौथ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात तिच्या नावाने एक खोकं आलं. आत भिंतीवरचं घड्याळ आणि एक छापील कार्ड: ‘आपल्या पुढील आयुष्यासाठी मेघवर्ण परिवारातर्फे हार्दिक शुभेच्छा.’ यज्ञेश सर चक्रावले. त्यांनी लगेच कंपनीत फोन लावला. फोन उचलला तिथल्या शिपायाने, काळुराममामांनी.

“पोरीचं लगीन हाय ना! पत्रिका आलीय आमच्याकडे,” काळुराममामा म्हणाले.

झालं! दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये, संध्याकाळपर्यंत पेणच्या एसटी स्टँडवर आणि दिवेलागणीला कासूत बातमी पोचली. भूमिका घरी आली तेव्हा हौसाआत्या ओटीवर फुगून बसली होती.

“मी पोरीची सख्खी आत्या,” ती इंदुबाईला म्हणत होती, “आणि मला बाजारात मासळीवाली सांगते की भूमिकाचं ठरलं! पोरगा काय करतो, ते तरी सांग.”

“अगो पोरगाच नाय तर तो करील काय?” इंदुबाई कपाळावर हात मारून म्हणाली.

आत्याला ते पटलं नाही. लपवताय म्हणजे पोरगा नक्की सरकारी नोकरीत असणार, असं म्हणून ती चहा न घेता गेली.

घरचं हसण्यावारी नेता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी यज्ञेश सरांनी तिला बोलावलं आणि खोकं पुढे सरकवलं.

“अभिनंदन हं! आम्हाला सांगितलं नाहीस. असो. तुझ्या जागी मी प्रविणचं नाव कंपनीला कळवलंय.”

भूमिकाने खोकं परत सरांकडे ढकललं. “सर, मला न विचारता?”

“अगं, लग्न ठरलेल्या मुलीला कशाला त्रास द्यायचा?”

“लग्न नाय ठरलं माझं.”

“मग हे घड्याळ?”

“मला काय ठाऊक! पण सर, ठरलं असतं तरी? लग्न ठरलं म्हणून मी रसायनशास्त्र विसरले असते काय?”

“व्यवहार बघावा लागतो, भूमिका. आणि तुला कितीदा सांगितलं, नेटवर्किंग कर, ओळखी वाढव. ओळख असती तर हा घोळ झाला असता का?”

दाराशी उभा असलेला प्रविण हळूच म्हणाला, “सर, पण मी तिकडे अर्जच नाय केला.”

“तू गप्प बस! तुझं भलं चाललंय.”

तेव्हा मात्र भूमिकाचं टाळकं फिरलं. रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं. तीन वर्षं पहाटेची गाडी पकडून प्रयोगशाळेत उभी राहिलेली मुलगी होती ती. तिने खोकं काखेत मारलं आणि थेट रोह्याची गाडी पकडली. वाटभर घड्याळ तिच्या मांडीवर टिकटिकत होतं आणि समोरची बाई विचारत होती, “आहेर काय गो?”

गेटवर रखवालदार काळजीने म्हणाला, “परत आणलंत? डिझाइन नाय आवडलं?”

“साहेबांना भेटायचंय.”

माणसं नेमायचं काम बघणारे अमोल सर तिशीच्या आतले होते. खोकं बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. “बसा ना. घड्याळ बंद पडलं का?”

“घड्याळ चालू हाय, सर. लग्नच नाय.”

मग तिने सगळं सांगितलं. पाकीट, आई, हळद, यज्ञेश सर, प्रविण. अमोल सरांनी काळुराममामांना बोलावलं. मामांनी छाती पुढे काढून पद्धत समजावली: पिवळे कोपरे दिसले की पाकीट ‘आमंत्रणे’ लिहिलेल्या ट्रेमध्ये, आणि मागच्या पत्त्यावर लगोलग घड्याळ.

“पण उघडून बघायचं नाही?”

“पत्रिका काय उघडायची, साहेब? सगळ्यांत तेच तर असतं.”

अमोल सर मनापासून हसले. भूमिकाही जराशी हसली. प्रकरण मिटलं असं तिला वाटलं आणि तिने खोकं टेबलावर ठेवलं.

“चला, गैरसमज मिटला. तुझं नाव पुन्हा यादीत घेतो,” अमोल सर म्हणाले आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. “आता विषय निघालाच आहे तर एवढं लिहून दे. प्रशिक्षणाचं वर्ष संपेपर्यंत लग्न करणार नाही. खाली सही कर.”

भूमिकाने पेन उघडलं. एका ओळीचं काम होतं. लग्न खरोखरच ठरलेलं नव्हतं, तिला करायचंही नव्हतं. ओळ लिहिली की नाव यादीत. आईला फोन, आत्याचं तोंड बंद, यज्ञेश सरांची जिरली. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. तिने ते टोपण लावून खाली ठेवलं.

“नाय लिहिणार.”

“का? लग्न करायचंय तुला?”

“नाय.”

“मग लिहायला काय जातं?”

“सर, मला तुमच्या गोदामातला कॉस्टिक सोडापण चोरायचा नाय. ते लिहून घेताय काय?”

काळुराममामांना एकदम खोकला आला.

“हे बघ,” अमोल सरांचा आवाज चढला, “जागा एक आहे. अशी अडून बसलीस तर तोटा तुझाच.”

“होऊ दे. पण माझा अर्ज न वाचता माझं लग्न लावलंत तुम्ही. आधी पाकीट फोडा, अर्ज वाचा, मग हवं तर मला काढून टाका. आणि त्या ट्रेमधली बाकीची पण फोडा. माझी आई काय जगात एकटीच हळद लावत असेल?”

अमोल सरांनी मानेनेच खूण केली. काळुराममामांनी ट्रे आणला. सात पाकिटं होती. पहिलं भूमिकाचं. दुसऱ्यात खरोखर पत्रिका. तिसऱ्यात अष्टमी गावच्या नम्रता मोरेचा अर्ज, त्याच जागेसाठी. चौथ्यात, पाचव्यात पत्रिका. सहाव्यात गागोद्याच्या निकेश पवारचा अर्ज.

“अरे देवा,” काळुराममामा पुटपुटले, “ह्यांनापण घड्याळं गेली.”

“सर, या निकेशकडनं पण लिहून घेणार?” भूमिकाने विचारलं.

“त्याच्याकडून कशाला?” अमोल सर बोलून गेले.

सातवं पाकीट उघडून मामा अडखळले. “साहेब... ही तर तुमचीच. चेअरमनसाहेबांना द्यायला दिलेली तुम्ही.”

“लग्न कधी आहे, सर?” भूमिकाने अगदी नम्रपणे विचारलं.

“अकरा मे.”

“मग तुम्ही कोणाला लिहून दिलंत?”

“मी कशाला लिहून देऊ? लग्न केलं म्हणून मी काय काम सोडणार...”

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. कान लाल झाले. काळुराममामा खिडकीबाहेर बघायला लागले, तिकडे बघण्यासारखं काहीही नव्हतं. मग अमोल सरांनी तो कोरा कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि भूमिकाचं पत्र उचललं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

“वडील खरंच जिभेने सांगतात?”

“सांगतात. गेल्या महिन्यात मीच चुकले.”

“सोमवारी दहा वाजता लेखी परीक्षा. ज्यांचे अर्ज आहेत त्या सगळ्यांची,” ते खाली बघूनच म्हणाले. “लिहून कोणी काही द्यायचं नाही. या दोघांना मेल करायला सांगतो.”

“मेल नको सर. तुमच्या हापिसावर माझा भरवसा नाय. नंबर द्या, मीच सांगते.”

गेटबाहेर येऊन तिने निकेशला निरोप दिला आणि मग नम्रताला फोन लावला.

“मी भूमिका, कासूची. मेघवर्णमध्ये अर्ज दिलेलास ना तू?”

“दिलेला गो. त्यांनी घड्याळ पाठवलं. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा म्हणे! म्हणजे दुसरीकडे बघा, असंच ना? दोन दिवस जेवले नाय मी.”

“तुझा अर्ज उघडलाच नव्हता त्यांनी. आता उघडलाय. सोमवारी दहाला परीक्षा हाय.”

“तू कंपनीत कामाला हायस?”

“नाय. त्याच जागेसाठी मी पण आलेय.”

नम्रताने विचारलं, “मग मला कशाला सांगतेस?”

“माझं पाकीट बंद होतं तेव्हा मला कोण सांगायला नव्हता. आणि ऐक, लग्न करणार नाय असं लिहून मागतील. आज नाय म्हणालेत, पण सोमवारचा काय भरवसा. देऊ नको. मी नाय दिलं.”

“मी देईन होय!” नम्रता उसळली. “बापाने मागितलं तरी नाय देणार. पण एक आताच सांगते भूमिका, वाईट वाटून घेऊ नको. सोमवारी पहिली मीच येणार.”

“बघू गो,” भूमिका म्हणाली, आणि स्टेशनच्या रिक्षात बसल्या बसल्या तिने पिशवीतून ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक काढलं.