खोतसरांची पिवळी पट्टी

बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर खोतसरांनी नावंगावं सोडून आधी मुहूर्त वाचला. "बारा सदतीस? फ्लोट झीरो! भटजी लेट झाला तर?"

फ्लोट म्हणजे काम किती दिवस लांबलं तरी पुढचं अडत नाही, ती सवड. सर काशीमिऱ्याला आमच्या कंपनीत वेळापत्रकं आखतात. आम्ही एका वेळी चार छोटे उपग्रह बांधतोय, पण अवकाशातली थंडी त्यांना सोसते का, हे तपासायची टाकी एकच. कोणाचा नंबर कधी, ते सर ठरवतात आणि भिंतीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. सोसायटीच्या गणपतीलाही त्यांनी असाच तक्ता केला होता. मोदकांना एक दिवसाचा फ्लोट ठेवला आणि ते आंबले.

चार उपग्रहांच्या चार पट्ट्या. त्यांच्याखाली पाचवी, पिवळी, बिननावाची. टाकीची तारीख बदलली की सर ती मुकाट्याने पुढे सरकवायचे. "सरांचं गुप्त यान! उडणारच नाही," असं मी कॅन्टीनमध्ये म्हणायचो. सगळे हसायचे, सरही.

मागच्या महिन्यात मी टाकी आठवडाभर आधी मागितली.

"तुझं रेडी आहे ना?"

"एकदम रेडी, सर."

साफ खोटं. माझी अँटेना अजून आलीच नव्हती. नंबर जाऊ नये म्हणून अडवून ठेवला. टाकीच्या आठवड्यात सरांना सुट्टी नसते. त्यांनी पिवळी पट्टी उचलली, जरा थांबले आणि पुढे चिकटवली. मग मी आज-उद्या करत राहिलो, टाकी रिकामीच.

रविवारी सही हवी म्हणून भाईंदरला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

"मोतीबिंदू हो. ऑपरेशन तीनदा पुढे गेलं. ड्रॉप घालायला ह्यांना चार दिवस घरी राहायचंय. पिवळी पट्टी लावलीय म्हणे ऑफिसात. पण तुमच्यापैकी कोणाचं तरी फार अर्जंट होतं ना?"

सर चहा घेऊन आले.

"सर, माझं रेडी नव्हतं."

त्यांनी कपाचा कान काकूंच्या बोटांशी आणून ठेवला. "टाकी रिकामी दिसते रे मला. फ्लोट होता तर सांगायचं. मीच मागितला असता."

काकूंनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बिस्किटांची बशी पुढे केली. "ह्यांचं मनावर घेऊ नका. घ्या ना."

मी उठून त्या खुर्चीत जाऊन बसलो.