दगाजी आप्पांची पाहणी

आमच्या गल्लीत कुणी नवं फाटक बसवलं, की त्याची पहिली पाहणी दगाजी आप्पा करत. एका हातानं फाटक धरायचं, बिजागरीकडे बराच वेळ टक लावून बघायचं. मग सावकाश विचारायचं, "हाऊ दरवाजा कोनी बनाडा?" फाटक जुनं असलं तरी पाहणी व्हायचीच. माझ्या फाटकाची तर रोज व्हायची. बाजारात ते उभ्या मोटारसायकलींचे टायर दाबून बघत, विजेच्या खांबावरची शिकवणीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. लोकांना वाटे, म्हातारा भारी चौकस.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. आप्पांना चालताना दम लागायचा आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर, त्या धुळीत काढली होती, वरून विडी. मी एकदा विचारलंच, "आप्पा, दम लागना का?"

"दम कसाना?" ते बिजागरीवरची नजर न काढता म्हणाले. "मी देखी ऱ्हायनू."

थंडीत त्यांचे पाय सुजले, ओठ निळसर दिसायला लागले. मुलगा सुरतला, घरात दुसरं कोणी नाही. मग मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी समजावलं, की फुफ्फुसं जुन्या आजारानं खराब झाली आहेत, त्यामुळे त्यांच्यातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलाय आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतोय. मग सहा मिनिटं चालून दाखवायची परीक्षा होती. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आप्पा व्हरांड्यातून ऐटीत निघाले. थोडं अंतर गेल्यावर थांबले आणि भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागले.

"आप्पा, तक्ता नंतर वाचा," बाई म्हणाल्या.

"पोरेसना तब्येतना... प्रश्न शे," आप्पा धापा टाकत म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं. "थांबायला लाजू नका. उलट पुरती धाप लागायच्या आधीच थांबा. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडा, मग पुन्हा चाला. सुरुवातीला इथे, आमच्या नजरेखाली. आजार जाणार नाही, पण चालायची ताकद वाढेल."

आप्पांनी एकच विचारलं, "जिना चढता यी का?"

"बघू. हळूहळू."

औषधं सुरू झाली, विडी सुटली, म्हणजे सोडवली. ठरल्या दिवशी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दवाखान्यात चालायला जायचे. घरीही गरम चहावर फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत बसायचे. चहा मात्र थंड करून प्यायचे नाहीत.

उन्हाळा लागता लागता बाईंनी जिन्याला परवानगी दिली. दुसऱ्याच सकाळी आप्पा दारात उभे. "ताई, तुले येळ शे का? गुलाबभाईकडे जानं शे."

गुलाबभाई म्हणजे त्यांचे पथारीवरचे जोडीदार. लकवा होऊन गुलाबभाईंची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. त्यांच्या मुलानं त्यांना आपल्या वरच्या मजल्यावरच्या घरी नेलं होतं. आप्पा अधूनमधून तिथवर जायचे, खालूनच "गुलाब, मी उनू रे" अशी आल्याची हाक मारायचे आणि परतायचे. हे मला त्या दिवशी रिक्षात कळलं.

"त्याले उतरता येत नही, माले चढता येत नही," ते म्हणाले. "वरतून जबाब बी येत नही."

जिन्यात आप्पा दर थोड्या पायऱ्यांनी थांबले. कठड्याला धरून, ओठ गोल करून, डोळे मिटून. वरून उतरणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय देखतस, आप्पा?"

"काहीच नही. दम लागना शे."

वर गुलाबभाई खाटेवर उशीला टेकून बसले होते. आप्पा दारात दिसले तसे त्यांचे डोळे भरले. आप्पा खाटेच्या कडेला बसले. इतक्या महिन्यांचं साठलेलं असेल, पण त्यांच्याजवळ बोलायला श्वास नव्हता आणि गुलाबभाईंजवळ शब्द नव्हते.

गुलाबभाईंनी डावा हात लांबवला, स्टुलावर चालू असलेल्या टेबलफॅनची मान धरली आणि ती हळूहळू आप्पांच्या तोंडाकडे वळवली.