निवडक ग्राहकांची गच्ची

एखादी वस्तू आपल्याला मिळण्यात सुख असतं, पण ती शेजाऱ्याला न मिळण्यात समाधान असतं. म्हणून मोबाईल कंपनीचा संदेश आला, 'मधुकरराव, आपण आमचे निवडक ग्राहक आहात. हा फोन फक्त आमच्याकडे आणि फक्त आपल्यासाठी', तेव्हा मी तो बायकोलाही दाखवला नाही.

इतवारीतल्या आमच्या भांड्यांच्या गल्लीत एकेचाळीस दुकानं आहेत. विक्रीच्या दिवशी सकाळी सहाला रांगेत माझ्यासकट एकेचाळीस दुकानदार होते. प्रत्येक जण पुतण्याचं रिचार्ज करायला आला होता. (मीसुद्धा. मला पुतण्या नाही.) निवडीतून सुटला तो फक्त हातगाडीवाला देवाजी, त्याच्याकडे बटनांचा फोन आणि दुसऱ्याच कंपनीचं कार्ड.

फोन उत्तम आहे. चंद्राचा फोटो काढतो. करारानुसार दोन वर्षं त्यात याच कंपनीचं कार्ड चालेल. फक्त गल्लीला टॉवर एकच असल्यामुळे फोन लागत नाही. तक्रारीला लेखी उत्तर आलं: 'नेटवर्कमध्ये दोष नाही. ग्राहकांचा प्रतिसाद क्षमतेपेक्षा अधिक आहे. अभिनंदन.' पाहणीअंती (पाहणी आम्हीच केली) असं आढळलं की गोपाळरावांच्या गच्चीवर, टाकीजवळ, हात वर केल्यास दहातला एक फोन लागतो. तेव्हापासून दुकानं नोकर पाहतात आणि मालक गच्चीवर असतात.

अशात खाप्याहून माझी मोठी बहीण गोदूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला यायची होती. दवाखान्याची वेळ बाराची. तिला बसवरची पाटी दिसत नाही, म्हणून फोन आला की मी तिला स्टँडवरून आणायचं ठरलं होतं. "उतरलो का फोन करतो गा," ती म्हणाली होती. "कर ना बाई, नवा फोन घेतला मी," मी म्हणालो होतो.

दहापासून मी गच्चीवर हात वर करून उभा होतो. शेजारी चाळीस हात होते. पडद्यावर नेटवर्कच्या रेघा पूर्ण होत्या, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

दीड वाजता खालून आवाज आला.

"काहून गा मधू, वर काय करून राहिला?"

"तुझ्याच फोनची वाट पाहून राहिलो, बाई!"

"मी खाली आहो."

स्टँडवर कंडक्टरनं तिच्यासाठी सतरा वेळा माझा नंबर लावला, शेवटी तिला ऑटोत बसवून दिलं. ऑपरेशनचा नंबर गेला. पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावली नाही. जाताना हातगाडीवर देवाजीचा फोन खणखणला, तो ऐकून एवढंच म्हणाली, "पुढच्या बारीले मी देवाजीले फोन करतो. तुह्या फोनले राहू दे."

हे मला लागलं. म्हणून मी त्याच कंपनीचा नवा फोन नोंदवला आहे. तो नेटवर्क दुप्पट जोरानं पकडतो म्हणतात, आणि या खेपेला निवड फारच कडक आहे.

संदेश तुम्हालाही आला असेल. हात जोडून विनंती, तुम्ही तरी घेऊ नका. माझ्या बहिणीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, आणि गर्दी तुमच्यासारख्यांमुळेच होते.