बाबांचा गुडघा आणि माझा रेणू

प्लंबरच्या पोराने नट कसला की तिथून हवासुद्धा आत शिरत नाही! प्रयोगशाळेत असं सगळ्यांना ऐकवून मी आमच्या यंत्राचा गळका जोड काढला आणि नवा बसवला. सहकारिणीला पाना हातात धरूही दिला नाही.

आमचं काम ऐकायला सोपं. दोन वायू भेटतात, तिसरा तयार होतो. पण मध्येच एक अर्धवट रेणू जन्मतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात नाहीसा होतो. तेवढ्यात यंत्राने त्याला हेरलं की पडद्यावर उंचवटा दिसतो. तीन वर्षं आम्ही त्याच्या मागावर होतो. शुक्रवारपर्यंत तो दिसला नाही तर यंत्र शेजारच्या गटाकडे जाणार होतं आणि माझी पीएचडी पाण्यात.

सोमवारी तो दिसला! मी जोडाजवळ वाकलो की उंचवटा, सहकारीण वाकली की सपाट रेघ. हाताला गुण असावा लागतो, असं मी तिला समजावलं. उंचवटा हव्या त्या जागी नव्हता, जरा शेजारी होता. पण शेजारी म्हणजे घरचाच की! पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमना कळवलं, घरी कळवलं, बायकोने सगळ्या माहेराला कळवलं.

शुक्रवारी मॅडम आल्या, आणि लेकाचा शोध पाहायला लंगडत बाबाही आले. सवयीने ते आधी जोडाशीच बसले आणि उंचवटा वाढत वाढत पडद्याबाहेर गेला! आमच्या घराण्यातच आहे हे, असं मी म्हणणार होतो. पण मॅडम नाकाने काहीतरी शोधत होत्या.

"बाबा, गुडघ्याला काय लावलंय?"

"बाम. याच्याही मानेला रोज मीच चोळतो."

मग बाबांनी जोडावरून बोट फिरवलं.

"नटाचे आटे तिरके बसलेत. बाहेरचं सगळं आत ओढतोय हा. कुणी बसवला?"

मी छताकडे पाहिलं. सहकारिणीने माझ्याकडे.

बाबांनी नट सोडवून नीट बसवला. यंत्रातली हवा उपसणारा पंप दोन तास चालला आणि उंचवटा भुईसपाट झाला. माझा चेहराही. तरी सहकारिणीने वायू सोडले, आणि अगदी हव्या त्या जागी उंदराच्या शेपटाएवढं काहीतरी उठलं. वायू बंद, ते गायब. वायू सुरू, ते हजर! चार दिवस बिचारं आत शिरलेल्या हवेआड आणि माझ्या बामाआड उभं होतं. मला रडूच आलं.

यंत्र आमच्याकडेच राहिलं. शोधनिबंधात बाबांचे आभार छापून येणार आहेत. माझंही नाव आहे. फक्त यंत्राजवळ जायच्या आधी मला सहकारिणीकडून मान हुंगून घ्यावी लागते, आणि पाना तिच्या कपाटात कुलपात असतो.